दुसरी हाक

दुपारचे साडेतीन झाले होते आणि पाटीवाला एका दगडाच्या शोधात होता. दगडावर नावं कोरायचा त्याचा धंदा, बापाकडून आलेला. दवाखान्याच्या दारापासून दफनभूमीच्या कोपऱ्यापर्यंत गावभर त्याची अक्षरं. पण आजचं काम घरचं होतं. लेकीला मुलगा झाला होता. तिने हट्टच धरला, "बाबा, तुमचंच नाव ठेवायचं. आणि पाळण्याशेजारची पाटी तुम्हीच कोरायची."

पाटीवाला हरखला होता. नाव जुन्या वळणाचं, हल्ली कोणी ठेवत नाही. अर्थ, 'जो जात नाही'. आणि ते घरात कसं आलं, ते अण्णांच्या, म्हणजे त्याच्या बापाच्या, तोंडून ऐकावं! "तुझ्या पणजोबाचं हे नाव. नदीने त्याला दोनदा ओढून नेलं, दोनदा काठावर आणून टाकलं. तिसऱ्यांदा नदीनेच कंटाळून वाट बदलली." नाहीतर, "डॉक्टरांनी मान हलवून चादर ओढली, तर हा चादरीखालून म्हणतो, चहा जरा गोड करा." पाटीवाला या थापांवर पन्नाशीला आला. थापा आहेत हे त्याला ठाऊक होतं. पण त्या खास आपल्यासाठी रचल्यात, हे सुख काय कमी होतं?

घरात एकच शिस्त विचित्र होती. आई त्याला नेहमी दोनदा हाक मारायची. पहिलीला ओ दिली की पाठीत धपाटा. "दुसरीला द्यायची! किती वेळा सांगू?" ती गेली, पण सवय राहिली. बायको म्हणायची, "बहिरा नवरा पदरात पडलाय."

मनाजोगता दगड मिळेना. शेवटी नजर घरालगतच्या कामाच्या शेडच्या पायरीवर गेली. काळी, पायांनी घासून आरशासारखी झालेली. त्याने पहार घालून ती उलटली. या धंद्यात कोरताना चुकलेला दगड फेकत नाहीत, पालथा घालून वापरतात. त्यामुळे खाली जुनी अक्षरं निघाली याचं त्याला नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते माती खरवडल्यावर.

त्याचंच नाव होतं. आडनावासकट, अण्णांच्या हातचं. खाली जन्मतारीख, त्याच्या जन्माच्या पाच वर्षं आधीची. मग एक आडवी रेघ. रेघेपुढे काहीच नाही.

पायरीखालच्या खड्ड्यातून ओल्या मातीचा वास आला, आणि त्यात मिसळलेला, देवाशपथ, लहान मुलाच्या तापल्या डोक्याचा.

"काढलीस शेवटी..." मागे अण्णा काठी टेकून उभे होते.

"अण्णा, हा कोण?"

"तुझा थोरला. चार वर्षांचा होऊन गेला. तापाने."

"आणि माझं नाव?"

"त्याचंच. तुझ्या आईला त्याला हाक मारायचं सुटेना. तू झालास, वाटलं, आता सुटेल... तर ती दोनदा मारायला लागली. पहिली त्याला."

"आणि नदी? पणजोबा?"

"तुझ्या पणजोबाने नदी पाहिलीच नव्हती रे."

पाटीवाला मटकन खाली बसला. आयुष्यभर अंगात घातलेला सदरा कोणीतरी हळूच मागून परत घ्यावा, तसं त्याला झालं. "म्हणजे मी उरलेली हाक?"

अण्णांनी खड्ड्याकडे वाकून ते नाव उच्चारलं. अगदी हळू. एकदाच.

"ओ..."

खालून आली. बारीक, झोपाळू.

"तो गेल्याची तारीख माझ्याने कोरवली नाही," अण्णा म्हणाले. "आणि अपुरं काम कोण ताब्यात घेतो? राहिला तो इथेच."

पाटीवाल्याच्या डोळ्यांपुढे आतला पाळणा आला. हे नाव मोकळं नव्हतं. असंच नातवाला दिलं, तर तोही जन्मभर दुसऱ्या हाकेची वाट बघत बसणार. त्याने छिन्नी उचलली. "तारीख सांगा. आज पुरं करतो. सुटू दे त्याला."

अण्णांनी तारीख सांगितली. जरा लगेचच सांगितली, पण पाटीवाल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तासाभराने शेवटचा आकडा उमटला. त्याने फुंकर मारली, भुकटी उडाली.

अण्णांनी नाव घेतलं. खड्डा गप्प.

पाटीवाल्याने सुटकेचा श्वास टाकला. मग अण्णांनी दुसरी हाक मारली, तेच नाव, आणि सवयीने त्याने तोंड उघडलं.

आवाज निघाला नाही. दोन्ही हातांनी त्याने गळा चाचपला. समोर त्याचं नाव, आडनावासकट, आणि रेघेपुढे ताजी तारीख.

"ओ!" घरातून आली, पाळण्याच्या खोलीतून, स्वच्छ, चार वर्षांच्या पोराची. पाठोपाठ लेकीची किंकाळी, "बाबा!"

अण्णांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. "आलो रे बाळा," म्हणत ते लगबगीने घराकडे निघाले. वाटेत पाटीवाला उभा होता. अण्णांनी वळसा घातला नाही, सरळ त्याच्यातून आरपार गेले.