बगळ्यांच्या बेटावरची ओली फांदी

“काका, थांबा! घरट्यावर ऊन आलंय!” ढब्बू इतक्या जोरात ओरडला, की काठावरचे दोन-चार बगळे फडफडत उडालेच.

“हळू रे! ही काय शाळेची मधली सुट्टी आहे?” बोटवाले काका दबक्या आवाजात खेकसले.

पण ढब्बूचं खरं होतं. काल संध्याकाळी बेटाला फेरी मारली, तेव्हा पाण्यावर झुकलेल्या झाडातलं ते घरटं पानांत पार दडलेलं होतं. आज अगदी उघडंबोडकं! पिल्लं चोची वासून धापा टाकत होती आणि शेजारी एक कावळा टपून बसला होता.

“कुणीतरी फांदी छाटलीय,” ढब्बूची ताई म्हणाली. तिला घरात सगळे वकीलबाई म्हणत, कारण ती बोलायला लागली की समोरच्याची बोलती बंद! तिची नजर बोटीतल्या लाकडाच्या मोळीवर गेली. “आणि हे काय हो, काका? सरपणासाठी पक्ष्यांचं घर मोडायचं? शोभतं का तुम्हाला?”

बोटीतले सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी मोळीतली एक काटकी काढून तिच्या हातात दिली. “मोड बरं.”

कट्! काटकी पार वाळलेली होती.

“वाहून आलेली लाकडं उचलतो गं मी, पोरी. झाडाला हात नाही लावत.”

झाडावरचा छाट तर अजून ओला, पांढराशुभ्र दिसत होता. वकीलबाईचा चेहरा गोरामोरा झाला. आता काकांकडे बघायचं तरी कसं? म्हणून तिने बोटीच्या टोकाला बसलेल्या तिच्या मामाकडे पाहिलं.

मामा कॅमेरा मांडीवर घेऊन उगाचच लांब बघत होता. एरवी बगळा दिसला की उड्या मारणारा मामा! सकाळी छोटी होडी वल्हवत तो एकटाच इथे येऊन गेला होता. वकीलबाईला एकदम आठवलं. काल तीच तर म्हणाली होती, “मामा, ती मेली फांदी आडवी येतेय! नाहीतर फोटोंच्या स्पर्धेत तुझाच पहिला नंबर!”

गप्प बसावं का? मामा तिचा सगळ्यात लाडका होता. पण पिल्लं धापा टाकत होती.

“मामा, सकाळचे फोटो दाखव ना सगळ्यांना!”

“नंतर बघू.”

“दाखव की! माझा मामा म्हणजे एक नंबर फोटोवाला आहे, आजोबा!”

“असं? मग बघूच!” समोरचे आजोबा सरसावले. कौतुक ऐकून मामा फुलला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर घरटं उमटलं. पिल्लं स्पष्ट, आड एक पानही नाही! ढब्बूने पटकन मागचं बटण दाबलं. कालचा फोटो आला, नुसती पानंच पानं.

“म्हणजे सकाळी फांदी नव्हतीच,” वकीलबाई हळूच म्हणाली. “मग तेव्हाच काकांना का नाही सांगितलंस, मामा?”

“एकच तर फांदी होती,” मामा पुटपुटला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

“बोलणी मागाहून खा! आधी ती फांदी उचला,” काका म्हणाले. तोडलेली फांदी खालीच मुळांत अडकली होती. मामाने ती वर धरली, ढब्बूने दोरी दिली आणि काकांनी घरट्यावर सावली पडेल अशी ती घट्ट बांधली. कावळा उडाला. मग काकांनी बोट लांब नेली.

सगळे दुरून घरट्याकडे बघत राहिले. बराच वेळ कुणीच आलं नाही. वकीलबाईला रडू कोसळणार, तेवढ्यात मोठा राखी बगळा घरट्यावर उतरला!

आजोबा टाळी वाजवायला गेले. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. मग अख्ख्या बोटीने आवाज न करता टाळ्या वाजवल्या, ढब्बूसाठी आणि वकीलबाईसाठी.

“नका ना!” वकीलबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “फांदी आडवी येते असं मीच बोलले होते. आणि काका, सगळ्यांसमोर मी तुम्हाला... चुकले मी. मला फार लाज वाटतेय.”

“आपल्या माणसाविरुद्ध बोलायला जिगर लागते, पोरी. शाबास!” काका म्हणाले. “पण परक्यावर आळ घ्यायच्या आधी काटकी मोडून बघत जा.”

वकीलबाईने मान डोलावली आणि मोळीतली एक काटकी उचलून खिशात ठेवली.