टाक्याचं झाकण

शहर दगडविटांनी बांधलेलं नसतं, ते कवींच्या ओळींनी बांधलेलं असतं, असं झरणा दर रविवारी सकाळी पर्यटकांना सांगायची. मग समोरून गाय यायची आणि सगळे पर्यटक दगडविटांना पाठ लावून उभे राहायचे.

अहमदाबादेत आमच्या जुन्या गल्ल्यांना पोळ म्हणतात. झरणाची मोगरावाळी पोळ ही गाय आणि कविता एका वेळी मावणार नाहीत, इतकी अरुंद. एका रविवारी गायीच्या मागून पर्यटकांचा आणखी एक जथा आला. पुढे एक उंच तरुण, मागे तोंड करून चालणारा. "...आणि कवी वखतराम जन्मले ते आमच्या घंटीवाळी पोळमध्ये—" एवढं म्हणून तो झरणावर आदळला.

"ते इथे जन्मले," झरणा म्हणाली. "तुमच्याकडे फार तर दाढी करायला येत असतील."

"दाढी ठेवायचे ते, बेन."

"बघा. म्हणजे आलेच नाहीत."

गर्दीत झरणाच्या दोन जपानी बाया चुकून त्याच्यामागे गेल्या. थोड्या वेळाने तो त्यांना परत घेऊन आला.

"या तुमच्या. यांना मी सगळं खोटं सांगून ठेवलंय. आता तुम्ही तुमचं खोटं सांगा."

"नाव काय तुमचं?"

"उत्पल."

"चहा घ्या, उत्पलभाई. अर्धाच मिळेल. पूर्ण आमच्या पोळवाल्यांना."

वखतरामांनी जन्मभर अहंकाराविरुद्ध पदं लिहिली. म्हणून त्यांच्या जयंतीला दोन्ही पोळमध्ये लाउडस्पीकर लागत, एकमेकांच्या दिशेने तोंड करून. दोन्हीकडे जन्मस्थळाची पाटी होती. झरणाला लहानपणापासून एकच ध्यास होता... हा माणूस नेमक्या कोणत्या उंबऱ्यावर बसून लिहीत होता? बाकीच्यांना वाद जिंकायचा होता, हिला जाणून घ्यायचं होतं. आणि उत्पललाही. अशी दोन माणसं एका शहरात भेटणं अवघड असतं.

मग ते रोज संध्याकाळी भटकू लागले. ती वखतरामांची ओळ म्हणायची, तो ती जागा शोधायचा. एकदा पक्ष्यांना दाणे घालायच्या उंच, खांबावरच्या चबुतऱ्याखाली तिने तीन दिशांच्या घंटांचं पद म्हटलं, आणि आरतीची वेळ झाली. एक घंटा डावीकडून, एक मागून, आणि तिसरी... दोघं श्वास रोखून उभे राहिले. तिसरीही वाजली. दोनशे वर्षांत सगळं बदललं होतं, फक्त ऐकण्याची जागा तीच होती. झरणाच्या अंगावर काटा आला. उत्पलने तो पाहिला आणि सभ्यपणे चबुतऱ्याकडे बघत राहिला.

"एकाच पाण्याला दोन तोंडं, सखे, एकावर तू वाकतेस, एकावर मी," तिने आणखी एक पद सांगितलं. "प्राध्यापक म्हणतात, हे जीव आणि शिव."

"तुमच्या घरात पावसाच्या पाण्याचं टाकं आहे?" उत्पलने विचारलं.

"सगळ्या जुन्या घरांत असतं."

"घराची मागची भिंत कोणाला लागून आहे?"

झरणाने हा विचार कधी केलाच नव्हता. तिकडे घंटीवाळी पोळ होती, तिकडे बघायची पद्धत नव्हती.

"मला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घराच्या चौकातलं टाक्याचं तांब्याचं झाकण सरकवलं आणि वाकली. खाली काळोख, थंड, मातीचा वास. मग दूरच्या खांबांमागे एक पिवळा ठिपका थरथरला. उत्पलने आपल्या घरातल्या टाक्याच्या तोंडातून कंदील सोडला होता. उजेड पाण्यावरून सरकत आला, कमानीमागून कमान उगवत गेली... तिच्या पायाखाली एक अख्खं देऊळ होतं, आणि ती रोज त्याच्यावर कपडे वाळत घालत होती. एकाच पाण्याची दोन तोंडं ती हीच. दोन घरं नव्हतीच. कवीचं एकच घर होतं, मध्ये कोणीतरी भिंत घातली होती.

"झरणा," पाण्यातून आवाज आला. पहिल्यांदाच, मागे बेन न लावता. "दिसतोय उजेड?"

"दिसतोय."

"मला तू दिसत नाहीस. पण... वाकलीयेस ना?"

"वाकलेय."

"मग बोलतो. समोर बोलायला जमत नव्हतं. माझ्याशी लग्न करशील?"

"टाक्यात कोण बोलतंय?" मागून आत्याने विचारलं. ही ताराफोई. घरात तिचा शब्द शेवटचा.

"कबुतर, फोई."

"कबुतराला तुझं नाव येतं? आणि लग्नाचंही कळतं?"

झरणाने सगळं सांगितलं, कवीसकट. फोई कठड्यावर बसली.

"पोरगा बरा आहे, मी चौकशी केलीये. पण पाणी एक, तर पोळ एक. आणि एका पोळचा मुलगा म्हणजे भाऊ. राखी बांध आणि मोकळी हो."

पोळमध्ये हा नियम कोणी मोडत नाही. झरणा कधी पाण्याकडे, कधी फोईकडे बघत राहिली. खालचा कंदील हलायचा थांबला होता. त्यालाही सगळं ऐकू जात होतं.

"आणखी कोणाला माहितीये हे?" फोईने विचारलं.

"कोणाला नाही. रविवारी याच वादावर दोन्ही पोळची सभा आहे, तिथे सांगणार होतो."

"मग काय ते तू ठरव. कवी हवा की कबुतर?" फोई उठली. "मला तर काही ऐकूच येत नाही हल्ली."

सभेला खुर्च्या कमी पडल्या. उत्पल तिच्या शेजारी आला.

"तू सांगशील तेच मीही सांगेन," तो हळूच म्हणाला. "राखी बांधलीस तरी... बांधून घेईन."

"गप्प बस."

ती उभी राहिली. तिला ते पाण्यावरचं देऊळ दिसत होतं. एक वाक्य बोललं असतं, तर तिचं नाव वखतरामांच्या शेजारी लागलं असतं.

"खूप शोधलं," ती म्हणाली. "पुरावा मिळाला नाही."

दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. वाद वाचल्याचा आनंद एवढा होता, की दोन्ही पोळच्या अध्यक्षांनी एकमेकांना पेढा भरवला. झरणाचे डोळे भरून आले. उत्पलने सगळ्यांसमोर तिचा हात धरला, आणि मुलगा परक्या पोळचा, भाऊ नव्हे, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

लग्न थंडीत झालं. त्यानंतर दोघं नदीपलीकडे फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे पार्किंग आहे.