टेबलावर एकच डबा

अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटाच्या घराचं बेसमेंट मागच्या अंगणात उघडतं. तिथं दोन मोठ्या खिडक्या आहेत आणि दुपारी वरच्या मजल्यापेक्षा जास्त ऊन येतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मी पुढचं सांगायला लागले की ऐकणाऱ्याला उगाच अंधारी खोली दिसायला लागते.

घर घेऊन दोन वर्षं झाली. आधीचे मालक, मिस्टर हारलन, वारले होते. त्यांच्या मुलीनं घर विकताना बेसमेंटमधलं एक जाडजूड लाकडी टेबल तिथंच सोडलं, कारण ते दारातून बाहेर निघेना. टेबलावर लोखंडी प्रेस बसवलेली होती. हारलन स्वतःची काडतुसं स्वतः भरायचे. माझा नवरा शंतनू आधीपासून क्लबात टार्गेट शूटिंगला जातो; ते टेबल बघून त्यानं घराचं किचनसुद्धा धड बघितलं नाही.

वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, दारूची पावडर मोजून घालायची, वर गोळी दाबायची. “इतकं रिलॅक्सिंग असतं ना,” शंतनू म्हणायचा. चार वर्षांच्या मुलीच्या आईला ते रिलॅक्सिंग वाटत नाही. मी त्या खोलीला कुलूप लावलं आणि एकुलती एक किल्ली माझ्याकडे ठेवली. अबोली त्या दाराजवळ गेली तरी मी हातातलं काम टाकून धावायचे.

टेबलासमोरच्या भिंतीवर हारलननी पेन्सिलीनं एक यादी लिहून ठेवली होती. भराभर जळणाऱ्या पावडरी वर, सावकाश जळणाऱ्या खाली. ठोकळ्यासारखी कॅपिटल अक्षरं. सगळ्यात खाली इंग्रजीत एक ओळ : कागदावर दोन, टेबलावर एक.

आमच्याकडे दोन पावडरी होत्या. एक लाल झाकणाची, एक निळ्या. नावं लांबलचक, म्हणून आम्ही घरात ‘लाल’ आणि ‘निळी’च म्हणायचो. यादीत लाल वर होती, निळी तिच्या लगेच खाली.

“म्हणजे जवळजवळ सारखीच की,” शंतनू म्हणाला.

“ही मेरिट लिस्ट आहे शंतनू. पहिल्यात आणि दुसऱ्यात अर्धा मार्क असेल, नाहीतर चाळीस. नंबरावरून मार्क कळत नाहीत. वजन कंपनीच्या पुस्तकात बघायचं. ज्या पावडरीचं, तिचंच.”

“तुझा दुसरा नंबर आला होता ते अजून विसरली नाहीस तू.”

“अर्ध्या मार्कानं,” मी म्हटलं.

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पाच वर्षं काढलेली बाई आहे मी. भिंतीवर माझाही एक कागद लावला. प्रत्येक डब्याचं वजन, काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर, माझ्या किचनच्या काट्यावर, माझ्या हातानं. शेवटचा रकाना तपासणाऱ्याच्या सहीचा. तो शंतनूसाठी होता, म्हणून कायम रिकामाच राहिला. त्याचा मित्र प्रथमेश कागद बघून म्हणाला, “वहिनी, एअरपोर्टवरसुद्धा इतकं चेकिंग नसतं हो.”

“एअरपोर्टवर माझा नवरा प्रेशरशी खेळत नाही,” मी म्हटलं.

पहिली पट्टी फेब्रुवारीत दिसली. पावडर भरायच्या पारदर्शक नळकांड्यावर मास्किंग टेपचा, म्हणजे कागदी चिकटपट्टीचा, बोटभर तुकडा, त्यावर इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहिलेलं : NILI. आत निळीच होती. मला वाटलं, शेवटी सुधारला. जेवताना मी कौतुक केलं, तर तो म्हणाला, “मी? मला वाटलं तूच लावलीस.”

आम्ही दोघंही हसलो. मला वाटलं तो थट्टा करतोय. त्यालाही तसंच वाटलं असणार.

दुसऱ्या खेपेला पुन्हा पट्टी. NILI. आतही निळीच. मी ती सोलून जवळून बघितली. अक्षरं पेन्सिलीची. खोलीत नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास होता, लाकडाचा, किंचित गोडसर. मी घरभर शोधलं. आमच्याकडे मास्किंग टेप नव्हती.

शंतनूला मी हे सांगितलं नाही. काय सांगणार होते? किल्ली माझ्याचकडे होती.

मार्चमधला शनिवार. बाहेर पाइनचा पराग इतका उडत होता की आमची करडी गाडी पिवळी झाली होती. शंतनूनं सकाळी किल्ली घेतली, पन्नास काडतुसं भरली, बॅग वर आणली. प्रथमेश बाराला न्यायला येणार होता. मी डब्यांचं वजन करायला खाली गेले.

नळकांडं निम्मं भरलेलं होतं. त्यावर पट्टी होती.

LAL.

मी तशीच वर गेले. “शंतनू, आज कुठली भरलीस?”

“निळी. का?”

“दोन्ही डबे टेबलावर आहेत.”

“अगं, दोन्हींचे दाणे उन्हात शेजारी धरून बघत होतो. जळण्यात एवढा फरक, तर दिसण्यात काही कळतं का म्हणून. काही कळत नाही. सेम टू सेम. मग ऑफिसचा फोन आला...”

“आणि मग ओतलीस.”

“निळी ओतली. मी काय आंधळा आहे?”

बाहेर हॉर्न वाजला. त्यानं बॅग उचलली.

“ती खाली ठेव,” मी म्हटलं.

“मृणाल, प्लीज. प्रत्येक वेळी हेच. परवा गॅस, त्याआधी स्मोक अलार्म.”

“वजन निळीचं आणि पावडर लाल असेल, तर पहिल्याच गोळीला पिस्तूल तुझ्या हातात फुटेल. तोंडापासून दीड हातावर. दोन मिनिटं दे मला.”

प्रथमेश दारात येऊन उभा राहिला. आमची तोंडं बघून त्यानं सुरू केलेला विनोद अर्ध्यावर सोडला.

आम्ही तिघं खाली गेलो. मी काटा शून्यावर आणला. आधी निळा डबा ठेवला.

मागच्या नोंदीइतकाच. एक ग्रॅमही कमी नाही.

मग लाल.

सहासष्ट ग्रॅम कमी.

शंतनूनं कागदावरचा आकडा वाचला, काट्यावरचा वाचला, पुन्हा कागदावरचा. मग त्यानं खाली बसून घेतलं. त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता आणि तो त्याच्याकडे बघत होता.

“पन्नासच्या पन्नास फोड,” मी म्हटलं.

त्यानं फोडली. हातोडीसारखं एक हत्यार असतं, त्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी आणि पावडर सुटी होते. दोघांनी मिळून दीड तास ठोकलं. सुटलेली पावडर, नळकांड्यातली पावडर, काहीच डब्यात परत ओतायचं नाही असं मी बजावलं. शंका आली की टाकून द्यायचं. ती आम्ही मागच्या हिरवळीवर पातळ पसरली; तिथं ती खतासारखी मुरून जाते.

“आर वी प्लँटिंग इट?” अबोलीनं विचारलं.

“हो,” प्रथमेश म्हणाला. “याला तुझ्या आईसारख्या आया येणार. प्रत्येक घराला एक.”

शंतनू हसला आणि मग एकदम माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. हिरवळीवर, प्रथमेशसमोर. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला लपवता न येण्याइतका आनंद झाला होता. चार वर्षं मला सगळे काळजीखोर म्हणत होते. त्या काळजीचं वजन निघालं होतं, सहासष्ट ग्रॅम. बारावीच्या निकालाला मी इतकी जिंकले नव्हते. रात्री मी पुरणपोळ्या केल्या.

“आणि ती पट्टी वेळेवर लावलीस,” शंतनू जेवताना म्हणाला. “मानलं तुला.”

मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

रविवारी दुपारी खोली बंद करायला गेले तेव्हा ऊन टेबलभर पसरलं होतं. मला वाटलं, एवढं तरी म्हणायला हवं. मी मोठ्यानं म्हटलं, “थँक यू, मिस्टर हारलन.” कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

सोमवारी उघडलं तर पेन्सिलीचा वास होता.

माझ्या कागदावरचा शेवटचा रकाना भरलेला होता. पहिल्या नोंदीपासून, प्रत्येक ओळीपुढे, ठोकळ्यासारखा एकच H.

सगळ्यात खाली एक नवी ओळ होती. रविवारची तारीख. वस्तूच्या रकान्यात ABOLI. वजनाच्या रकान्यात 34.6, पौंड. पुढे H.

माझा किचनचा काटा अकरा पौंडांपलीकडे काही मोजत नाही.

त्याच दुपारी अबोलीची चार वर्षांची तपासणी होती. वर्षभरात तिचं वजन कोणी केलेलं नव्हतं. नर्सनं कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवलं आणि ती अबोलीला समजावून सांगायला वाकली.

अबोलीनं आपणहून बूट काढून ठेवले. काट्यावर चढली, हात अंगाशी घट्ट धरले आणि श्वास रोखला.

“वॉव,” नर्स म्हणाली. “थर्टी फोर पॉइंट सिक्स. तुला कोणी शिकवलं इतकं छान उभं राहायला?”

आकडा स्थिर झाला होता, तरी अबोली हलली नाही. कोणीतरी तो लिहून घेईपर्यंत थांबल्यासारखी, नर्सच्या मागच्या रिकाम्या भिंतीकडे बघत.