शिंपीणकाकूंची मोरी

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं, की दुकानाचं दार लावल्यामुळेच अंधार वाटत होता, हे साहेबांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. वय झालं की आठवणींना कसर लागते. त्यात साहेबांचा स्वभाव असा, की कुलूप लावून झाल्यावरही ते पुन्हा पुन्हा ओढून बघणार. तेव्हा काही बारकावे इकडचे तिकडे झालेही असतील. पण काडीची ज्योत त्यांना आजही दिसते, आणि तिच्याबाबतीत ते एक शब्दही बदलत नाहीत.

पाण्याच्या निचऱ्याच्या कामावर ते तेव्हा इंजिनिअर होते. बाजाराचा तो रस्ता म्हणजे बशीचा तळ. चार सरी कोसळल्या की दुकानांत गुडघाभर पाणी. रस्त्याखाली नवं रुंद गटार बांधून झालं होतं, आणि दुकानांच्या रांगेखालचं जुनं विटांचं गटार टोकाशी भिंत घालून बंद करायचं होतं. नाहीतर पुराचं पाणी त्यातूनच उलटं फिरून दुकानांत शिरलं असतं. बंद करण्याआधी धुराची चाचणी घेतात. गटारात पंख्याने पांढरा धूर सोडायचा. ज्या मोरीतून तो वर येईल, ती जुन्या गटारावर आहे असं समजायचं आणि नव्याला जोडून द्यायची.

धूर सोडला. चपलांच्या दुकानातून आला, घड्याळवाल्याकडून आला, औषधवाला तर शिव्या घालत रस्त्यावरच आला. सगळ्यात सखल दुकान शिंपीणकाकूंचं. तिथून मात्र काहीच आलं नाही. मुकादम हसून म्हणाला, काकूंची मोरी खानदानी दिसते, घरातलं बाहेर काढत नाही. साहेब स्वतः बघायला गेले.

काकूंचा नवरा आदल्या वर्षीच्या पुरात गेला होता. पाणी तुंबलं की तिथले दुकानदार पहार घेऊन रस्त्यावरचं झाकण उघडायचे, पाणी लवकर उतरावं म्हणून. शिंपीही उघडायला गेला आणि पाण्याने त्यालाच आत ओढलं. पहार सापडली. माणूस सापडला नाही.

काकू शर्टाची काजं करत बसल्या होत्या. धुराची गोष्ट ऐकताच त्या उठल्या, रस्त्याकडचं दार लावून घेतलं आणि साहेबांना मागच्या खोलीत घेऊन गेल्या. खोलीला खिडकी नव्हती. चिंध्यांचे ढीग, मशीनच्या तेलाचा वास, आणि त्याच्याखाली दडलेला आणखी एक वास, न वाळलेल्या लोकरीसारखा. कोपऱ्यात मोरी. पाणी उतरत नाही म्हणून कधीपासून वापरात नव्हती. तुंबली असेल, साहेब मनात म्हणाले.

"भिंत घालू नका," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "हे आत आहेत."

साहेबांनी त्यांना नीट समजावलं. गटारात हवेचा दाब कमीजास्त होतो, वारा खेळतो, कसकसले आवाज येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि काड्यापेटी त्यांच्यापुढे धरली.

साहेब उकिडवे बसले. काडी ओढून मोरीवर धरली. ज्योत भोकाकडे वाकली. सरळ झाली. मग त्यांच्या अंगाकडे झुकली... पुन्हा भोकाकडे. अगदी संथ. साहेबांना वाटलं आपलाच श्वास तिला लागतोय, म्हणून त्यांनी तो रोखून धरला. ज्योत वाकतच राहिली, गाढ झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी. बोटांना चटका बसला तेव्हा त्यांनी दुसरी काडी ओढली.

काकू खाली वाकल्या.

"अहो... साहेब आलेत."

ज्योत थांबली. चित्रातल्यासारखी ताठ उभी राहिली. कुणीतरी ऐकत होतं.

"एवढंच करतात," काकू म्हणाल्या. "बोलत नाहीत. पण माणसाला असं कोंडून घालू नये हो साहेब. जायला वाट तरी ठेवा."

साहेबांनी सांगून पाहिलं, की वाट ठेवली तर तिच्यातून पाणी येईल, आणि पहिलं तुमच्याच दुकानात येईल. काकू म्हणाल्या, येऊ दे, पाणी काय मला नवीन आहे. संध्याकाळी भिंत उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिच्यात वीतभर रुंद पाइप बसवून घेतला. मुकादमाने भुवया उंचावल्या. हवा खेळती राहायला हवी, असं काहीसं शास्त्रीय सांगून साहेबांनी वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. काकूंनी स्वतः काडी लावली. ज्योत शेवटपर्यंत हलली नाही.

"गेले," काकू म्हणाल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं; खांद्यावरचं ओझं उतरवलेल्या बाईसारख्या दिसत होत्या.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. भिंतीने गटारातला वारा अडवला, साधी गोष्ट. त्यांनी विचारलं, भिंत झाल्यावरच थांबलं ना?

"नाही. भिंत संध्याकाळी झाली." काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही दुपारी इथून बाहेर पडलात ना... तेव्हापासून नाही."

त्या वर्षी बाजारात पाणी भरलं नाही. पुढे काकू दुकान विकून लेकीकडे राहायला गेल्या. साहेब निवृत्त झाले. वीज गेली की ते बॅटरी शोधत बसतात, घरात मेणबत्ती लावू देत नाहीत. एवढी बुकं शिकलेला माणूस ज्योतीला घाबरतो, अशी बायको चारचौघांत थट्टा करते. तेही हसतात.

बऱ्याच वर्षांनी ती दुकानांची रांग पाडायला काढली, तेव्हा साहेब मुद्दाम गेले. यंत्रावरच्या माणसाला विनवून त्यांनी कोपऱ्यातली मोरी अलगद उचलून घेतली. खाली वाकून, चष्मा पुसून पाहिलं, पुन्हा हात फिरवून पाहिलं. मोरीखालचा पाइप हातभरच लांब होता. त्याच्याखाली अखंड काळा खडक, टाचणी जाईल एवढीही फट नाही. ती मोरी कुठल्याच गटाराला कधी जोडलेली नव्हती. दार लावलेल्या त्या खोलीत, ज्योत वाकवायला, वारा यायला जागाच नव्हती.