सुचवलेलं उत्तर

"तुम्हाला भूक लागलीय का?"

मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. दुसरं काय बोलणार? बसथांब्यावर एक अनोळखी माणूस माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट दाखवून विचारत होता, "हे जे तुम्ही कामावर खायला बरोबर नेता, त्याला तुमच्या घरी काय म्हणतात?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "नाही हो... खायचं नाहीये मला. नुसता शब्द हवाय."

"'बेट' म्हणतो आम्ही."

"'बेट'!" मी अख्खी पिशवी त्याच्या ओंजळीत रिकामी केल्यासारखा त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमचं आजोळ उत्तरेकडचं. इथले सगळे 'स्नॅप' म्हणतात."

आजोळ खरंच उत्तरेकडचं होतं. मला हसावं की घाबरावं कळेना. तेवढ्यात बस आली, मी चढले. तो मात्र वहीत लिहीत तिथेच उभा राहिला. त्यालाही याच बसने जायचं होतं, हे मला आठवड्याने कळलं.

कारण आठवड्याने मी नव्या नोकरीवर रुजू झाले, आणि जिन्यात समोर तोच! बुटांना चिखल, खांद्यावर झोळी. मला पाहिलं आणि पुन्हा पाळ्या लाल.

आमचं ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला कार्डांचे खण, मधोमध मोठं टेबल आणि त्यावर देशाचा नकाशा. इंग्रजी ही इथली मायबोली; गावोगावी ती कशी बोलली जाते ते नोंदवायचं, एवढंच काम. तो तीनशे गावं हिंडून सगळ्यांत म्हाताऱ्या माणसांना तेच ते प्रश्न विचारायचा, एकेका उत्तराचं एकेक कार्ड पोस्टाने पाठवायचा, आणि मी त्या गावावर शाईने खूण करायची. एक शब्द संपून दुसरा सुरू झाला की तिथे रेघ ओढायची. एक रेघ तर चक्क एका घरातून गेली होती. नवरा एक शब्द वापरायचा, बायको दुसरा. पन्नास वर्षं संसार केला, पण शब्द काही कुणी सोडला नाही.

"लोकांना वाटतं, खेड्यातली इंग्रजी म्हणजे बिघडलेली इंग्रजी," आमचे सर सांगायचे. "उलटं आहे, पोरी. बदल केले राजधानीवाल्यांनी. सहाशे वर्षांपूर्वी सगळेच 'हाउस'ला 'हूस' म्हणायचे. उत्तरेच्या टोकाला अजून म्हणतात. त्यांनी बिघडवलं नाही, सांभाळलं."

आणि सरांचा एक नियम होता. शब्द आपण उच्चारायचा नाही. वस्तू दाखवा, वळणं घेत विचारा, गप्प बसा... पण शब्द समोरच्याच्याच तोंडून यायला हवा. म्हातारी माणसं भिडस्त असतात; आपण शब्द पुरवला की मान डोलावतात. असं उत्तर 'सुचवलेलं'. कार्डावर लाल फुली, कार्ड रद्द; ते माझ्याकडे न येता थेट सरांच्या खणात जायचं.

महिन्यातले तीन आठवडे तो बाहेर असायचा. सर त्याला फिरस्ता म्हणत, मला नकाशेवाली. कार्डं मात्र दर मंगळवारी यायची. कोपऱ्यात शेऱ्यासाठी बोटभर जागा असे. तिथे तो काय काय लिहायचा... 'आजी प्रत्येक वाक्यानंतर दाराकडे पाहतात.' 'मोजे ओले. उत्तर कोरडं.' 'या गावात सगळे हळू बोलतात, घाई कुणालाच नाही, मला सोडून.'

मला सोडून? घाई कसली? परत यायची? मी ती कार्डं खणात टाकायला दोन-दोन दिवस लावायचे. सोमवारी माझं जेवणात लक्ष नसायचं.

"मंगळवार आजारी पाडतो वाटतं तुला," घरी ताई म्हणाली.

"सोमवार," मी चुकून म्हणाले. मग काय, ताईला आठवडाभराचा विषय मिळाला.

तो आला की माझ्या टेबलाच्या कडेला टेकून बसायचा.

"उत्तरेत पोरांच्या खेळण्याला काय म्हणतात, माहितेय? 'लेक'. हजार वर्षांपूर्वी जहाजांतून आलेले लोक तो शब्द घेऊन आले. जहाजं गेली, लोक इथलेच झाले, शब्द राहिला."

"मग तिकडे एखादीची लेक खेळायला गेली तर?"

"तर लेक... लेक करते." तो इतका हसला की माझी शाई सांडता सांडता वाचली. त्याने घाईने दौत धरली, मीही धरली, आणि मग दोघांनीही ती सोडायला जरा उशीरच केला.

एवढंच. याच्या पुढे गाडी जाईना.

माघात थंडी ओसरू लागली तसा आमचा नकाशा भरत आला, आणि त्याला पत्र आलं. समुद्रापलीकडचं काम, दोन वर्षांचं. इथून फार पूर्वी जहाजाने गेलेल्या लोकांची वस्ती होती तिकडे. इथे राजधानीत हळूहळू शब्दाअखेरचा 'र' गिळायची फॅशन आली. ते लोक त्याआधीच गेलेले, त्यांनी तो 'र' जपला.

"लांब गेलेली माणसं जास्त जपतात, बरं का," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"जाणार?"

"शुक्रवारी दुपारी बाराची बस, बंदराची." नकाशाची कड सरळ करत म्हणाला, "जायचं तर."

बुधवारी तो पुन्हा टेबलाशी आला. पेन्सिल बोटांत फिरवत होता. "एक विचारू? एखादं माणूस समोर नसलं की... म्हणजे जेवण जात नाही, पोस्टमनची वाट बघावीशी वाटते... त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

मी घाईघाईने दौतीचं झाकण लावलं. आणि तोंडातून निघालं, "अपचन."

तो हसला नाही. "आणखी काही म्हणत असतील ना?"

"असतील. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"मी कसा सांगू?" तो हळूच म्हणाला. "मी म्हटलं, आणि तुम्ही नुसती मान डोलावली तर? भिडेखातर? मला जन्मभर कळायचं नाही, तो शब्द तुमचा होता की माझा."

मला संताप आला. असा नियमाआड लपून बसणारा माणूस! "मी तुमचं कार्ड नाहीये," मी म्हणाले. "ज्याला हवंय त्याने बोलावं."

तो उठला. गुरुवारी ऑफिसात आलाच नाही.

"तो विचारतो, तू चिडतेस," ताईने रात्रीची भांडी आवरता आवरता सुनावलं. "तुमचं जमेपर्यंत माझे दात पडतील. अगं, तूच बोल की!"

"मीच का?"

"मग बस तशीच, टेबलाशी."

शुक्रवारी सकाळी सरांनी शेवटचा गठ्ठा पुढे ठेवला. "रद्द कार्डं मोज आणि बांधून टाक."

सगळ्या प्रवासात मिळून रद्द कार्ड एकच होतं. इतका काटेकोर तो. मी फुली बघितली, मग प्रश्न बघितला: घरचं माणूस लांब असलं की जे वाटतं, त्याला काय म्हणता? खाली त्याचं बारीक अक्षर — 'शब्द मी दिला. चूक माझी.' आणि कोपऱ्यातल्या बोटभर जागेत, ओळीखाली ओळ दाटून: 'आजींनी उलट मलाच विचारलं, तुला कोण आठवतं रे बाळा? सांगितलं. नकाशेवाली. मग त्यांनी तोच शब्द म्हटला. तो त्यांचा नव्हता, माझा होता.'

तारीख सहा महिन्यांपूर्वीची.

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. "सर, मी..." एवढंच म्हणाले. सरांनी चष्म्यावरून घड्याळाकडे पाहिलं आणि दार उघडून धरलं.

मी पळाले. बोटांना शाई, हातात कार्ड, गळ्यातला रुमाल कुठे पडला देव जाणे. बसचं इंजिन सुरू झालेलं. तो पायरीपाशी उभा होता, झोळी खांद्यावर.

"हे कार्ड रद्द आहे," मी धापा टाकत म्हणाले.

"माहितेय. मीच ते..."

"थांबा. एक अक्षर बोलू नका. विचारू नका, सुचवू नका." मला श्वास पुरत नव्हता. "तुम्ही नसलात की माझं कशात लक्ष लागत नाही. तुम्ही आलात की काम होत नाही ते वेगळंच. मला तुम्ही हवे आहात. प्रेम आहे माझं तुमच्यावर. मला कुणी विचारलेलं नाही. मी आपण होऊन सांगतेय."

त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, पेन्सिलीला लागला, आणि तिथेच राहिला.

"लिहून घेताय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही.

"नाही..." त्याने पेन्सिल सोडून हात बाहेर काढला. पाच पावलांवर कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा. "नाही गं. ऐकतोय." आणि मग त्यानेही तो शब्द म्हटला. एकदा हळू, एकदा नीट, आणि एकदा इतक्या मोठ्याने की बसमधल्या आजीबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मी जाऊ नको?" त्याने विचारलं.

किती सोपं होतं, नको म्हणणं. पण तिकडची माणसं म्हातारी होत होती, त्यांच्याबरोबर त्यांचा 'र'ही. ते काम त्याच्याइतकं नीट कुणी केलं नसतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"जा," मी म्हणाले. "पण दोन वर्षं म्हणजे दोनच. तिकडच्या एखाद्या आजींनी गप्पांत अडकवलं, असलं काही चालणार नाही."

"आणि तू?"

"मी आहे."

शाईचा ठसा त्याच्या बाहीवर उमटलेला मी पाहिला. तो आत चढला. बस हलली, कोपऱ्यावर मंदावली, मग दिसेनाशी झाली.

मी चालत घरी गेले. पुढच्या बसने गेले असते तर लवकर पोचले असते. पण त्या दुपारी मला लवकर कुठेच पोचायचं नव्हतं.