गोपनभार

त्या काळात खोटं बोलणं सोपं होतं, लपवणं मात्र महाकठीण झालं होतं. नोकरी असो, कर्ज असो की सोयरीक, आधी मनगटावर पट्टी बांधून माणसाचा ‘गोपनभार’ मोजला जाई. कंपन्यांच्या घशातून नद्या सोडवायला निघालेल्या मुक्तिदलानेही अखेर तीच पट्टी आणली. पोलिसांनी लपायच्या जागेवर छापा घालून तीन साथींना गोळ्या घातल्या होत्या. दलात कुणीतरी फितूर होतं.

बंद पडलेल्या सूतगिरणीत दुपारभर तपासणी चालली होती. काटा लाल पट्ट्यात गेला तो दोघांचाच, दिगंबरचा आणि हेमराजचा. फितुराला एकच शिक्षा होती. दिगंबरला आता क्रांतीचाही कंटाळा आला होता. हेमराज जगावा, एवढंच त्याला हवं होतं.

“ताई, हे यंत्र खरं-खोटं ओळखतं?” त्याने विचारलं.

“छे!” कुमुदताई म्हणाल्या. मेंदूविज्ञान सोडून त्या दलात आल्या होत्या. “एखादी गोष्ट मनात दाबून धरली की मेंदूला सतत श्रम पडतात. दिवसभर मूल कडेवर घेऊन वावरावं तसे. ते श्रम नाडीत उतरतात, पट्टी तेवढेच मोजते. काय दाबलंय, ते तिला कळत नाही.”

“आणि सांगून टाकलं तर?”

“ओझं उतरतं. काटा शून्यावर येतो.”

दोघांचं प्रेम दलात कुणालाच ठाऊक नव्हतं. मोहिमेनंतर कुणी कुणाची चौकशी करायची नाही, हा तिथला कडक नियम. हेमराज त्या तिघांबरोबर लपला होता, तेव्हा दिगंबरने तो एकदा मोडला होता. त्या लपायच्या जागेखालच्या दुकानात फोन लावून, त्याला बोलावून “जेवलास का?” एवढंच विचारलं होतं. “जेवलोय रे. काळजी करू नकोस,” हे ऐकून तो गाढ झोपला होता. आपल्या माणसाची विचारपूस, तिचं कसलं आलंय गुपित!

“माझं हेमराजवर प्रेम आहे,” दिगंबर सगळ्यांसमोर म्हणाला. “त्याचंही माझ्यावर. आम्ही लपवलं ते एवढंच.”

काटा सरसर शून्यावर आला. दलप्रमुख इंगळेदादांनी कपाळाला हात लावला. “एवढंच? मर्दा, आमचा जीव टांगणीला लावलास की!”

कुमुदताईंनी त्याची पट्टी सोडून हेमराजला बांधली. दिगंबर हसत होता. काटा लाल पट्ट्यात गेला आणि तिथून हललाच नाही.

“अजून काय लपवतोयस?” दादांचा आवाज बदलला.

त्यांनी तीनदा विचारलं, काटा तसाच राहिला. दोघा साथींनी हेमराजला उठवलं. दिगंबरला वाटलं, म्हणजे हाच? ज्याच्या कुशीत आपण झोपलो तो?

दाराशी हेमराज वळला. चेहरा दमलेला होता, पण राग नव्हता. “मी जेवलोय रे,” तो म्हणाला. “काळजी करू नकोस.”

हेच शब्द दिगंबरने आधी ऐकले होते. फोन. पोलीस फोन ऐकत असतातच, म्हणून तर तो नियम होता. फोननंतरच्या सकाळी छापा पडला, तेव्हा हेमराज पाव आणायला गेला होता, म्हणून वाचला. छापा कशामुळे पडला हे त्याला तेव्हाच उमगलं होतं, आणि तेव्हापासून तो हे ओझं एकटा वाहत होता. तीन माणसं मारणारा दिगंबर मात्र शून्यावर होता, कारण त्याला काही माहीतच नव्हतं.

आता माहीत झालं होतं. त्याचं मनगट मोकळं होतं, आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बाहेर पावलं लांब जात होती.

“दादा, थांबवा त्यांना,” तो म्हणाला. “ताई, मला पुन्हा पट्टी बांधा.”