मधल्या सुट्टीतले शब्द

ती ओल्या पॉलिशवर बसली, म्हणून आमची ओळख झाली.

मी सुतार. शाळेत शिक्षकांच्या खोलीतल्या खुर्च्या दुरुस्त करून, पॉलिश मारून भिंतीकडेला ठेवल्या होत्या. बाहेर पाऊस होता, त्यामुळे पॉलिश वाळतच नव्हतं. ती घाईघाईत आली, वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि बसली.

"बाई..." मी म्हटलं, "ती खुर्ची ओली आहे."

ती हलली नाही. वहीवर तांबडी खूण केली आणि मान वर न करता म्हणाली, "आता उठले तर?"

"कपडे जातील. माझं पॉलिशही."

"आणि नाही उठले तर?"

"चार तासांनी चिकटून बसाल."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर!" ती म्हणाली आणि हसायला लागली. त्या दिवशी उरलेले सगळे तास तिने माझा भुशाने भरलेला एप्रन मागून बांधून गणित शिकवलं.

ती जाऊन आता चौदा महिने झाले. लोक सांगतात, चांगले दिवस आठवावेत, मन हलकं होतं. माझं होत नाही. चांगलं आठवलं की घर आणखी रिकामं वाटतं. तरी लिहितोय, कारण दुसरं काही सुचत नाही.

ती ओल्या खुर्चीवर बसली, त्याच आठवड्यात शाळेतले हस्तकलेचे सर नोकरी सोडून गेले. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "मुलांना सुतारकाम तुम्हीच शिकवा. सहामाहीपुरतं. तपासणी नीट पार पडली तर कायम करू." मी सातवीपर्यंत शिकलेला. नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती दारातून डोकावली. "हो म्हणा हो, मास्तर!"

मी हो म्हटलं.

पहिल्याच सभेत मला घाम फुटला. "एल.ओ. लिहिलेत का? टी.एल.एम. कुठंय? आय.ई.पी. कोणाचे राहिलेत?" सगळे माना डोलवत होते, मीही डोलवली. खिशातल्या प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने अक्षरं तेवढी उतरवून घेतली.

मधल्या सुट्टीत तिने तो तुकडा माझ्या हातातून काढून घेतला.

"हे काय, मास्तर? चोरून अभ्यास?"

"काही कळलं नाही, बाई. कोणाला विचारायचं तर लाज वाटते."

"मला विचारायला नाही वाटत?"

"तुम्ही माझ्या खुर्चीला चिकटला होतात. आता कसली लाज?"

ती माझ्याशेजारी बाकावर बसली. बसण्याआधी बाकावर हात फिरवून बघितला, तेही मला दिसेल असं. म्हणाली, "एल.ओ. म्हणजे तास संपल्यावर मुलाला काय यायला हवं, ते. टी.एल.एम. म्हणजे शिकवायला लागणारं सामान."

"म्हणजे करवत?"

"तुमच्या बाबतीत करवत."

"मग करवतच म्हणा ना!"

"करवत म्हटलं तर तपासणीला येणारे साहेब तुम्हाला सुतार समजतील."

"आणि तो शेवटचा?"

"आय.ई.पी. ज्याला सगळ्यांबरोबर जमत नाही, त्याच्या एकट्यासाठी केलेला आराखडा."

"मग माझ्यासाठी करा एक."

"केला की," ती उठत म्हणाली. "रोज मधल्या सुट्टीत एक शब्द."

तसंच चाललं. एक दिवस रुब्रिक. म्हणजे कशाला किती गुण, ते आधीच सांगून टाकायचं.

"मग माझे सांगा," मी म्हटलं.

"रंधा मारण्याला पैकीच्या पैकी. बोलण्याला... बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू." तिचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, फॉर्मेटिव्ह म्हणजे शिकता शिकता रोज थोडं तपासणं, आणि समेटिव्ह म्हणजे शेवटी एकदाच. मी विचारलं, "तुम्ही मला कसं तपासताय?" ती खडूने भरलेली बोटं पुसत राहिली. "रोज थोडं थोडं," म्हणाली.

मला दुसरं काही नको होतं. तपासणी पार पडावी आणि ही मधली सुट्टी चालू राहावी, एवढंच.

शिक्षकांना पाठाची वही लिहावी लागते. तासाचं उद्दिष्ट, लागणारं साहित्य, आणि शेवटच्या रकान्यात साध्य झालं की नाही. मी रोज तास संपल्यावर लिहायचो. जे झालं ते. 'साध्य नाही. सांधा हलतो.' 'साध्य नाही. पटाशीला धार नव्हती, चूक माझी.' 'अर्ध्यांना जमलं. एक मुलगी रडली, उद्या तिच्यापासून सुरुवात.'

तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळ्यांच्या वह्या मांडल्या. प्रत्येक वहीत, प्रत्येक तासाला 'साध्य'. फक्त माझ्या वहीत वीस तासांपैकी अकरा फसलेले. साहेबांनी शेरा मारला, आणि मुख्याध्यापिकांनी मला शनिवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

जिन्यात तिने मला गाठलं. "अहो, ती वही आदल्या दिवशी लिहायची असते! सगळे आधीच साध्य लिहून मोकळे होतात. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"तुम्हीही नाही सांगितलं."

"मला वाटलं... एवढं तर कळत असेल!"

"तास व्हायच्या आधी झालं म्हणून कसं लिहायचं, बाई?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. हसली. मग एकदम रडायला लागली आणि तशीच वर निघून गेली. मला वाटलं, संपलं. त्या आठवड्यात मी एका दाराची चौकट दोनदा चुकीच्या मापाची कापली.

पुढच्या शनिवारी ती माझ्या कारखान्यात आली. भुशात उभी राहून म्हणाली, "माझ्या वहीत सोळा वर्षं सगळं साध्य आहे, मास्तर. वाचवत नाही मला ती."

"मग?"

"मग काय... घरात एक तरी माणूस असं हवं, जे झालं नाही तर झालं नाही म्हणेल."

"कोणाच्या घरात?"

"माझ्या! सगळं मीच समजावून सांगायचं का?"

मी रंधा खाली ठेवला. हो म्हणायचंही सुचलं नाही. तीच म्हणाली, "मान डोलवलीत तरी चालेल."

माझी आई तिला म्हणाली, "एवढी शिकलेली तू, ह्याचं काय बघितलंस?" ती म्हणाली, "वही बघितली, आई." लग्नानंतरही मी तिला बाईच म्हणत राहिलो, आणि ती मला मास्तर.

नऊ वर्षं मिळाली. मग तिचं पोट दुखायला लागलं, आणि सहा महिन्यांत ती खाटेला खिळली.

दवाखान्यात दुपारच्या फेरीला डॉक्टर आले. फाइल चाळली, नर्सला म्हणाले, "यापुढे पॅलिएटिव्ह," आणि पुढच्या खाटेकडे गेले.

"बाई, काय म्हणाले ते?" मी विचारलं.

ती माझ्याकडे वळली. मग वर्गात सांगायची तशी, सावकाश म्हणाली, "म्हणजे आता आजार बरा करायला जाणार नाहीत. दुखू देणार नाहीत, एवढं बघतील."

"मला नाही समजलं."

"औषधं बदलतील. झोप लागेल मला. घरी नेता येईल... उरलेल्या दिवसांसाठी."

"तरी नाही समजलं, बाई."

तिने माझं बोट धरलं. "मी जाणार आहे, मास्तर. जाताना त्रास होऊ नये, म्हणून ते औषध देणार आहेत." एवढं बोलून तिला दम लागला. कपाळावर घाम आला. "आता... समजलं?"

मला पहिल्याच वेळी समजलं होतं. पण ती माझ्याकडे बघून बोलत होती, आणि मी विचारत होतो तोवर ती बोलत राहणार होती. तिचा श्वास मात्र बघवेना.

"समजलं," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. चार दिवस घरी होती. पाणी म्हणाली, खिडकी म्हणाली, पाय दाबा म्हणाली. त्यापलीकडे बोलली नाही.

मी समजलं म्हणायला नको होतं.